मालक मोठा आहे, पण नोकरी किती पक्की?

एका पायलटने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: अमेरिकेत उड्डाणाचे १,५०० तास पूर्ण होत आलेत आणि हातात दोन ऑफर आहेत. एक रिजनल कंपनी (मोठ्या एअरलाइनच्या नावाने छोटी विमानं उडवणारी) पूर्णपणे एका मोठ्या एअरलाइनच्या मालकीची आहे. दुसरी स्वतंत्र असून दोन-तीन मोठ्या कंपन्यांसाठी कंत्राटावर विमानं उडवते. पगार जवळपास सारखाच. ‘मालकीची कंपनी म्हणजे मोठ्यांचा हात डोक्यावर. तिथे नोकरी जास्त सुरक्षित असणार ना?’

हात डोक्यावर असतो, हे खरं. पण तो कधी काढून घ्यायचा हे ज्या खोलीत ठरतं, तिथे तुम्हाला खुर्ची नसते. माझी अकरा वर्षं दोन रिजनलमध्ये गेली. त्यातली एक मालकीची होती, दुसरी कंत्राटी. आता मेनलाइनवर, म्हणजे मोठ्या एअरलाइनमध्येच, कॅप्टन आहे आणि मधली काही वर्षं युनियनच्या करार समितीवरही होतो. दोन्ही बाजूंनी जे पाहिलं, ते लिहितो.

आधी कोण कोणाचं, ते बघू. अमेरिकन एअरलाइन्सच्या गटाकडे एन्व्हॉय, पीडमाँट आणि पीएसए अशा तीन रिजनल आहेत. डेल्टाकडे एंडेव्हर आणि अलास्का एअर ग्रुपकडे होरायझन. युनायटेडने पूर्ण मालकीची एकही ठेवलेली नाही, काही कंपन्यांत थोडाफार हिस्सा मात्र घेत आली आहे. स्वतंत्र कंपन्यांत सगळ्यात मोठी युटामधली स्कायवेस्ट. ती डेल्टा, युनायटेड, अमेरिकन आणि अलास्का या चौघांसाठीही उडते. (पीडमाँट आणि पीएसए ही एकेकाळच्या स्वतंत्र एअरलाइन्सची नावं. त्या गिळून टाकल्यावर नावं दुसऱ्या कोणी वापरू नयेत म्हणून मालकाने ती आपल्या छोट्या उपकंपन्यांना चिकटवली. रिजनलच्या जगात विमानावरच्या नावाला किती अर्थ असतो, याची कल्पना यावरून येईल.)

प्रवाशाला यातलं काही कळत नाही, कारण रंग तोच, तिकीट तेच आणि फ्लाइट नंबरही मोठ्या कंपनीचाच. पैसा कसा फिरतो ते मात्र तुम्हाला कळायला हवं. बहुतेक रिजनल उड्डाणं ‘कपॅसिटी पर्चेस’ करारावर चालतात. तिकीट मोठी कंपनी विकते, भाडं तीच ठरवते, इंधनाचा खर्चही साधारणपणे तिच्याच माथी असतो. रिजनलला प्रत्येक उड्डाणामागे आणि उड्डाणाच्या तासामागे ठरलेली रक्कम मिळते. पुष्कळदा विमानंसुद्धा मोठ्या कंपनीचीच असतात. मग रिजनलकडे विकायला उरतं काय? विमान वेळेवर आणि स्वस्तात उडवणारी माणसं, बस.

इथेच पहिली गोम आहे. एअरलाइनमध्ये पगार सीनियॉरिटीवर वाढतो. कंपनी जुनी झाली, माणसं टिकली, की तिचा खर्च वाढतो. दारात उभी असलेली नवी रिजनल तेच काम कमी पैशात करायला तयार असते, कारण तिचे कॅप्टन तिसऱ्या वर्षाच्या पगारावर असतात आणि तुमचे अठराव्या. म्हणजे लोक कंपनीला जितके निष्ठावान, तितकी कंपनी ग्राहकाला महाग. मेनलाइनवरही पगार असेच चढतात, पण तिच्याकडे स्वतःचे प्रवासी, स्वतःचे मार्ग आणि स्वतःचा ब्रँड असतो. रिजनलकडे यातलं काहीच नसतं. मालक कोणीही असो, हे गणित बदलत नाही. उलट मालक तोच आणि ग्राहकही तोच असेल, तर हे गणित त्याच्या टेबलावर रोज उघडंच पडलेलं असतं.

कॉमेअरचं उदाहरण यासाठीच सांगतात. सिनसिनाटीजवळची ही कंपनी एके काळी रिजनलमधली सगळ्यात नफ्यातली समजली जायची. डेल्टाकडे तिचा काही हिस्सा आधीपासून होता. उरलेला हिस्सा विकत घ्यायचं १९९९ मध्ये जाहीर झालं, सुमारे १.८ अब्ज डॉलर मोजून. आता आपण डेल्टाच्या घरातलेच झालो, असं तिथल्या पायलटना वाटलं असेल तर नवल नाही. पगार आणि निवृत्तीवेतनाच्या मागण्यांवर मार्च २००१ मध्ये त्यांनी संप केला. तो ८९ दिवस चालला आणि त्यांना रिजनलमधला त्या वेळचा उत्तम करार मिळाला. संप जिंकला, यात शंका नाही. पण त्यानंतरच्या वर्षांत कॉमेअर डेल्टाच्या ताफ्यातली महाग रिजनल ठरत गेली. २००५ मध्ये डेल्टासोबत तिचीही दिवाळखोरी, मग पगारकपात, मग एकेक करून विमानं कमी. शेवटी डेल्टाच्या एकूण जाळ्यात तिचा वाटा जेमतेम एक टक्का उरला होता. २९ सप्टेंबर २०१२ ला शेवटचं विमान उतरलं आणि कंपनी बंद झाली. अब्जावधी मोजून घेतलेली, शंभर टक्के मालकीची कंपनी.

‘संप केला म्हणून मालकाने बदला घेतला’ अशी ही गोष्ट बरेच जण सांगतात. मला ती अर्धवट वाटते. तारखा नीट बघा. कॉमेअर बंद करायचं जाहीर झालं जुलै २०१२ च्या अखेरीस. त्याच्या महिनाभर आधी, जूनच्या शेवटी, डेल्टाच्या मेनलाइन पायलटनी नवा करार मंजूर केला होता. त्या कराराने रिजनलना ७६ आसनी विमानं जास्त मिळणार होती, पण मोबदल्यात ५० आसनी विमानं साडेतीनशेच्या घरातून १२५ पर्यंत खाली आणायची होती. शिवाय मेनलाइनवर ८८ बोइंग ७१७ येणार होती. म्हणजे ५० आसनी विमानांची कत्तल ठरली होती, आणि कॉमेअरचा ताफा बराचसा त्याच जातीचा होता. कॉमेअरच्या पायलटना त्या करारावर मत नव्हतं. ज्यांना होतं, त्यांनी स्वतःच्या हिताचं मत दिलं आणि त्यात गैर काही नाही. मीही तेच केलं असतं. पण तुमची नोकरी तुमच्या कंपनीच्या करारापेक्षा दुसऱ्याच पायलटांच्या करारावर जास्त टांगलेली असते, हे इथे जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे कुठे दिसत नाही.

त्या कराराच्या ज्या भागाने हे होतं, त्याला स्कोप क्लॉज म्हणतात. मेनलाइनच्या पायलट युनियनने कंपनीला घातलेली ती लक्ष्मणरेषा आहे: ‘आमच्या नावाने उडणारं विमान एवढ्यापेक्षा मोठं असेल, तर ते आमच्याच सीनियॉरिटी यादीतले पायलट उडवतील.’ अमेरिकन, डेल्टा आणि युनायटेडमध्ये ही रेषा आज ७६ आसनं आणि ८६,००० पौंड, म्हणजे सुमारे ३९ टन कमाल वजनावर आहे. शिवाय अशी विमानं एकूण किती असावीत, यावरही मर्यादा असते. ही रेषा किती कडक असते ते बघा. एम्ब्रेअरने १७५ विमानाची नवी, कमी इंधन पिणारी ई-२ आवृत्ती बनवली. ती जड भरली म्हणून अमेरिकेतल्या कुठल्याही रिजनलला घेता आली नाही. युनायटेडने तर ७० जणांच्या सांगाड्याच्या सीआरजे-७०० मध्ये मुद्दाम ५० च आसनं बसवली आणि त्याला सीआरजे-५५० नाव दिलं, कारण कराराच्या रकान्यात मोकळी जागा ५० आसनी विमानांचीच होती. अभियांत्रिकीने ठरवायच्या गोष्टी इथे वकील ठरवतात.

मालकीची रिजनल असो वा कंत्राटी, ही रेषा दोघांनाही सारखीच लागू. म्हणून ऑफर हातात आल्यावर लोक त्या रिजनलचा पगारतक्ता वाचतात, तेव्हा मी म्हणतो, आधी मोठ्या कंपनीचा स्कोप वाचा. तो कधी खुला होणार, पुढच्या वाटाघाटी कधी, ते बघा.

मालकीची दुसरी बाजू मी आतून पाहिली आहे. एकाच मालकाच्या दोन-तीन रिजनल असल्या की त्यांना एकमेकींविरुद्ध उभं करता येतं. आमच्यात याला ‘व्हिपसॉ’ म्हणतात. दोन माणसांनी दोन्ही टोकं धरून ओढायची करवत असते ना, ती. मधलं लाकूड म्हणजे आपण. २०१३-१४ मध्ये अमेरिकनच्या गटात हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. पीएसएच्या पायलटनी सवलतींचा करार स्वीकारला आणि त्यांना ३० नवी सीआरजे-९०० मिळाली. एन्व्हॉयच्या पायलटपुढेही तसाच करार आला. त्यांनी मार्च २०१४ मध्ये मोठ्या बहुमताने तो फेटाळला. मग कंपनी लहान करण्याची भाषा सुरू झाली आणि तिची सीआरजे-७०० विमानं पीएसएकडे वळवली गेली. वर्ष संपता संपता एन्व्हॉयच्या पायलटनी सवलती मान्य केल्या, तेव्हा नव्या एम्ब्रेअर १७५ त्यांच्या वाट्याला आल्या. तिन्ही कंपन्यांचा मालक एकच, नफा एकाच खिशात जाणार. तरी पायलटांच्या सीनियॉरिटी याद्या तीन, करार तीन आणि मतदानंही तीन.

अशा मतदानात मी स्वतः हात वर केला आहे. कंपनीचं नाव घेत नाही. क्रू रूममध्ये एक कागद लावला होता: अमुक तारखेपर्यंत होकार दिलात तर इतकी विमानं, नाहीतर ती शेजारच्या कंपनीला. आमच्यातल्या जुन्या कॅप्टननी नकार द्या म्हटलं, कारण पगार गोठणार होता त्यांचा. आम्ही तरुणांनी होकार दिला, कारण नवी विमानं म्हणजे आम्हाला लवकर कॅप्टनची खुर्ची. करार मंजूर झाला. दोन वर्षांनी त्यातली काही विमानं तरीही शेजारी गेलीच, कारण त्यांनी आमच्याहून स्वस्त करार केला होता. ज्यांच्याविरुद्ध मत दिलं होतं, त्या कॅप्टनांच्या शेजारी बसून मी पुढे वर्षभर उड्डाणं केली. कॉकपिट फार लहान असतं हो.

‘एकच मालक आहे तर सगळ्यांची एक यादी करा’ ही मागणी काही नवी नाही. कॉमेअर आणि एएसए (अटलांटिक साउथईस्ट, तेव्हा डेल्टाच्याच मालकीची दुसरी रिजनल) यांच्या पायलटांचा एक गट २००१ च्या सुमारास आपल्याच युनियनविरुद्ध न्यायालयात गेला होता, कारण एकच राष्ट्रीय युनियन मेनलाइनचंही प्रतिनिधित्व करत होती आणि त्यांचंही. मेनलाइनला रिजनल पायलट आपल्या यादीत नको असतात आणि मालकाला दोन याद्या हव्याच असतात. या मुद्द्यावर मेनलाइनची युनियन आणि मालक यांचं एकमत आहे, हे उघडपणे कोणी म्हणत नाही एवढंच.

आता एएसए. हिची कहाणी मला कॉमेअरपेक्षाही बोलकी वाटते, कारण मालकीचे जितके प्रकार असतात ते सगळे या एकाच सीनियॉरिटी यादीने भोगले. अटलांटातली अटलांटिक साउथईस्ट आधी स्वतंत्र होती. १९९९ मध्ये डेल्टाने ती विकत घेतली. २००५ मध्ये दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर रोख हवी म्हणून डेल्टाने ती ४२.५ कोटी डॉलरला स्कायवेस्टच्या मूळ कंपनीला विकली. त्या कंपनीने २०१० मध्ये एक्सप्रेसजेट घेतली. ही एक्सप्रेसजेटसुद्धा मूळची काँटिनेंटलची मालकीची रिजनल, जिचे शेअर २००२ मध्ये बाजारात आणून काँटिनेंटलने हात मोकळे केले होते. पुढे एएसए आणि एक्सप्रेसजेट एकत्र केल्या. २०१९ च्या सुरुवातीला ती एकत्रित कंपनी पुन्हा विकली गेली, या वेळी अशा एका कंपनीला जिच्यात युनायटेडचा निम्म्याला किंचित कमी हिस्सा होता. वर्ष-दीड वर्षात कोविड आला. युनायटेडला ५० आसनी एम्ब्रेअर १४५ एकाच कंपनीकडे ठेवायची होती. निवड कम्युटएअरची झाली, जिच्यातही युनायटेडचा हिस्सा होताच. सप्टेंबर २०२० अखेर एक्सप्रेसजेटचं युनायटेडसाठीचं उड्डाण थांबलं. नंतर तिने स्वतःच्या नावाने छोटी एअरलाइन काढून पाहिली, तीही २०२२ मध्ये बुडाली.

१९९८ मध्ये अटलांटात रुजू झालेल्या एखाद्या फर्स्ट ऑफिसरचा, म्हणजे सहवैमानिकाचा, विचार करा. स्वतंत्र कंपनी, पूर्ण मालकी, दुसऱ्या रिजनलची मालकी, अर्धी मालकी, असं सगळं बघून झालं आणि तो जागचा हललाही नाही. बावीस वर्षांची सीनियॉरिटी, म्हणजे मनासारखं वेळापत्रक, मनासारखी सुट्टी, वरचा पगार, हे सगळं एका दिवशी शून्य. कारण सीनियॉरिटी कंपनीबाहेर नेता येत नाही. दुसरीकडे गेलात की यादीच्या तळाला, मग तुमचे वीस हजार तास असोत.

कायद्याचा आधार आहे का? थोडा आहे, पण लोकांना वाटतो तिथे नाही. अमेरिकनने २००१ मध्ये टीडब्ल्यूए घेतली, तेव्हा टीडब्ल्यूएच्या पायलटांना यादीत फार खाली टाकलं. त्यातून पुढे २००७ चा मॅकॅस्किल-बाँड कायदा आला. दोन एअरलाइन एकत्र होताना याद्या न्याय्य पद्धतीने एकत्र कराव्यात, नाही जमलं तर लवादाकडे जावं, असं तो सांगतो. पण त्यासाठी कंपन्या एकत्र व्हाव्या लागतात. मालकाने तुमची कंपनी बंद केली आणि तिची विमानं किंवा मार्ग दुसऱ्या कंपनीला दिले, तर एकत्रीकरण झालंच नाही. विमान गेलं, माणूस उरला. विमानासोबत पायलट गेला पाहिजे, अशी तरतूद युनियनला स्वतःच्या करारात भांडून मिळवावी लागते. ती आहे का, हे तुमच्या दोन्ही ऑफरमध्ये विचारण्यासारखं आहे. भरती करणारा माणूस गोंधळेल, पण युनियनच्या प्रतिनिधीला उत्तर माहीत असतं.

इथवर वाचून तुम्हाला वाटेल की मी कंत्राटी कंपनीकडे ढकलतोय. तसं नाही. कंत्राटी कंपन्यांची स्मशानयादी जास्त लांब आहे. अटलांटिक कोस्टने युनायटेडच्या दिवाळखोरीत कमी दर नाकारले आणि जून २००४ मध्ये इंडिपेंडन्स एअर म्हणून स्वतःच्या पायावर उभी राहायला गेली. जानेवारी २००६ मध्ये ती संपली. ५० आसनी जेटवर स्वस्त तिकिटं विकून पोट भरत नाही, हे सगळ्यांना तेव्हा कळलं. मेसा २०१० मध्ये, पिनॅकल २०१२ मध्ये आणि रिपब्लिक २०१६ मध्ये दिवाळखोरीत गेली. ट्रान्स स्टेट्स आणि तिची बहीण कंपास एप्रिल २०२० मध्ये, कोविडच्या पहिल्याच लाटेत बंद पडल्या. त्यातली कंपास मूळची नॉर्थवेस्टने काढलेली मालकीची कंपनी. विलीनीकरणात ती डेल्टाकडे आली आणि २०१० मध्ये विकली गेली. म्हणजे मालकीची कंपनी कंत्राटी व्हायला एक सही पुरते.

मालकीचा फायदा होतो तोही सांगतो, नाहीतर अन्याय होईल. पिनॅकल बुडत होती तेव्हा डेल्टाने ती २०१३ मध्ये दिवाळखोरीतून स्वतःकडे घेतली. आजची एंडेव्हर ती हीच. पायलटांनी पगारात मोठी कपात सोसली, पण ७६ आसनी सीआरजे-९०० विमानांचा मोठा ताफा आणि डेल्टाकडे जायचा रस्ता मिळाला. ज्यांनी दात-ओठ खात ते मान्य केलं, त्यातले कितीतरी आज डेल्टाच्या गणवेशात दिसतात. आणि २०२२ ची गोष्ट तर ताजीच आहे. पायलटांचा तुटवडा टोकाला गेला होता. जूनमध्ये अमेरिकनच्या तिन्ही मालकीच्या रिजनलनी पगार एकदम वाढवले. नव्या फर्स्ट ऑफिसरला तासाला ९० डॉलर मिळू लागले, त्यातला बराच भाग तात्पुरत्या वाढीचा. ज्या कामाला माझ्या वेळी तासाला वीस-बावीस डॉलर मिळायचे! कंत्राटी कंपन्यांना मागोमाग यावं लागलं, पण त्यांना आधी ग्राहकाकडे दर वाढवून मागावा लागतो. मालक आपल्याच खिशातून दुसऱ्या खिशात टाकतो. तेजीत मालकीची कंपनी चपळ असते, याबद्दल वाद नाही.

तो तुटवडा आला कुठून, हेही विसरू नका. फेब्रुवारी २००९ मध्ये बफेलोजवळ कोलगन एअरचं विमान पडलं, ५० माणसं गेली. त्यानंतर संसदेने कायदा केला आणि २०१३ पासून फर्स्ट ऑफिसरलाही एटीपी लायसन्स, म्हणजे साधारण १,५०० तास सक्तीचे झाले (लष्करी पायलट आणि मान्यताप्राप्त विमानशास्त्र पदवीवाल्यांना कमी तास चालतात). त्या नियमाने स्वस्त पायलटांचा ओघ आटला. गेल्या दशकात रिजनल पायलटांच्या हातात जी थोडी ताकद आली, ती मालकीमुळे आलेली नाही, टंचाईमुळे आलेली आहे. टंचाई येते आणि जाते.

आता फ्लो-थ्रू. मालकीच्या कंपनीची खरी जाहिरात हीच असते: मुलाखतीशिवाय, क्रमाने, थेट मेनलाइनवर. अमेरिकनच्या तिन्ही कंपन्यांत हा रस्ता खरा आहे आणि हजारोंनी तो वापरला आहे. पण तो नळ आहे, विहीर नाही. वरची कंपनी भरती करते तेव्हाच वाहतो, आणि दर महिन्याला जास्तीत जास्त किती सोडायचे याची चावी करारात कुठेतरी असते. भरती ऐन जोरात असताना रिजनलला कॅप्टन कमी पडतात, तेव्हा नेमकी तीच चावी आवळली जाते. स्वतंत्र कंपनीतला पायलट त्या काळात चार ठिकाणी अर्ज करून, मुलाखत देऊन, तुमच्या आधी वर पोहोचलेला असू शकतो. तुम्ही मात्र ‘आपला नंबर येईल’ म्हणत बसलेले. फ्लोच्या भरवशावर दुसरीकडे अर्जच न करणारे लोक मी पाहिलेत. त्यांची मला काळजी वाटते.

शिवाय नळाला उलटा प्रवाहही असू शकतो. १९९७ मध्ये अमेरिकन आणि अमेरिकन ईगल (आजची एन्व्हॉय) यांच्यात जो करार झाला, त्यात वर जायचा रस्ता होता तसाच खाली यायचाही होता. ११ सप्टेंबर २००१ नंतर अमेरिकनने पायलट फर्लोवर पाठवले, म्हणजे यादीतलं नाव ठेवून घरी बसवले. त्यातले अनेक जण करारानुसार ईगलमध्ये थेट जेटच्या कॅप्टनच्या खुर्चीवर आले. तिथले कॅप्टन सरकून उजव्या खुर्चीवर, म्हणजे पुन्हा फर्स्ट ऑफिसर. यूएस एअरवेजनेही २००२ मध्ये ‘जेट्स फॉर जॉब्स’ नावाने असाच प्रकार केला. नव्या रिजनल जेटवरच्या जागांचा मोठा वाटा मेनलाइनच्या फर्लो झालेल्यांसाठी राखला. मालकी म्हणजे कुटुंब असेल, तर अडचणीच्या वेळी थोरल्या घरची माणसं धाकट्या घरी मुक्कामाला येतात, हेही त्यात आलंच. स्वतंत्र कंपनीत असा मुक्काम लादणं सोपं नाही. तुमच्या ऑफरच्या फ्लो करारात ‘फ्लो-बॅक’ शब्द शोधा. सापडला तर तो परिच्छेद दोनदा वाचा.

तुमच्या जागी मी असतो तर काय बघितलं असतं? सगळ्यात आधी ताफा. ५० आसनी विमानं किती आणि ७६ आसनी किती. मालकी कोणाचीही असो, ५० आसनी विमानांवर उभी असलेली कंपनी घसरणाऱ्या जमिनीवर उभी आहे. होरायझनने टर्बोप्रॉप (पंख्यांची विमानं) काढून २०२३ पासून फक्त एम्ब्रेअर १७५ ठेवली, ती उगाच नाही. मग ग्राहक किती ते. एकच ग्राहक, तोच मालक, म्हणजे एका माणसाचा मूड. स्कायवेस्टचे चार ग्राहक आहेत, एकाने विमानं काढली तर ती दुसऱ्याकडे लावता येतात. माझ्या मते गेल्या वीस वर्षांत ती टिकली ती यामुळेच. तिथे राष्ट्रीय पायलट युनियन नाही, कंपनीतली अंतर्गत संघटना आहे. तुम्हाला ते चालेल की नाही हा वेगळा प्रश्न, मला खटकलं असतं.

स्वतंत्र कंपनी शेअर बाजारात असेल तर तिच्या वार्षिक अहवालात कुठलं कंत्राट किती विमानांचं आणि कधी संपणार, याचा तक्ता असतो. फुकट मिळतो, अर्ध्या तासात वाचून होतो. मालकीच्या रिजनलचं असं काही बाहेर येत नाही. तिचे आकडे मालकाच्या आकड्यांत विरघळलेले असतात. म्हणजे जिथे जास्त सुरक्षित वाटतं, तिथेच तुम्हाला कमी दिसतं.

बोनसचे कागद सही करण्याआधी वाचा. रुजू होतानाचा बोनस बहुधा दोन-तीन वर्षं टिकण्याच्या अटीवर असतो, मध्येच सोडलं तर परत करावा लागतो. कंपनीने बेस (तुमची ड्युटी जिथून सुरू होते तो विमानतळ) बंद केला किंवा तुम्हाला फर्लो केलं तरी परत मागणार का, हे लेखी हवं. माझ्या पहिल्या कंपनीने बेस हलवला तेव्हा मी चौदा महिने दर आठवड्याला प्रवासी म्हणून, मोकळी सीट मिळेल त्या विमानाने कामावर जात होतो. त्या काळात नोकरी सुरक्षित होती, मी दमून गेलो होतो.

आणि एक आकडा भिंतीवर लिहून ठेवा: १,०००. एअरलाइनमधल्या उड्डाणाचे १,००० तास झाल्याशिवाय नियमाप्रमाणे कॅप्टन होता येत नाही. कॅप्टन म्हणून उडवलेले जेटचे तास ही एकच गोष्ट कंपनी बुडाली तरी तुमच्यासोबत येते. म्हणून जिथे हे १,००० तास लवकर होतील आणि लगेच डावी खुर्ची मिळेल, तिथे माझा कल. रिझर्व्हवर, म्हणजे बोलावण्याची वाट बघत, घरी बसून महिन्याला वीस तास उडवणारी सुरक्षित नोकरी तुम्हाला तीन वर्षं मागे ठेवते. दोन्ही कंपन्यांत गेल्या सहा महिन्यांत रुजू झालेल्यांना फोन करा आणि मागच्या महिन्यात किती तास उडवले ते विचारा.

तुमच्या दोन ऑफरपैकी, तुम्ही दिलेल्या माहितीवरून, मी मालकीची घेईन, पण ताफा ७६ आसनी असेल, फ्लोमध्ये फ्लो-बॅक नसेल आणि पहिल्या दिवसापासून दुसऱ्या मेनलाइनकडेही अर्ज टाकत राहायची तयारी असेल तरच. यातली एक जरी अट फसली तर कंत्राटी, तिचे ग्राहक खरोखर तीन असतील तर. आणि दोन्हीकडे तोल सारखाच वाटला, तर जिची प्रशिक्षणाच्या वर्गाची तारीख आधी ती घ्या. या धंद्यात एका आठवड्याने पुढे लागलेला नंबर दहा वर्षांनी सुट्टी मिळणार की नाही ते ठरवतो. एकाच वर्गातल्यांचा क्रम बऱ्याच ठिकाणी वयावरून किंवा सोशल सिक्युरिटी नंबरच्या शेवटच्या आकड्यांवरून लागतो. तुमच्या कंपनीत तो कसा लागतो, तेवढं मात्र आधीच विचारून घ्या.